तिसऱ्यांदा विचारल्यावर

पहिल्यांदा

"आर्लन, मग असं कर ना, तातोंना हिवाळाभर तुमच्याकडेच घेऊन जा," मॉरिस म्हणाला आणि त्याच दमात होलोपचीचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं, भांडं मेहुण्यापुढे सरकवलं.

तातो म्हणजे मॉरिसचा बाप, नेस्टर. तो टेबलाच्या टोकाला बसून मध आणि खसखस घातलेले उकडलेले गहू चावत होता. दाणे कवळीत अडकत होते, म्हणून सावकाश चावत होता. वाक्य कानावर पडलं तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. समोर त्याची लेक आयरीन रडत होती. आई गेली तेव्हा मी जवळ नव्हते, उद्या तातोंच्या वेळीही तसंच होणार, असं काहीसं ती नाक पुसत म्हणाली होती. रडणाऱ्या बहिणीला भावाने काहीतरी द्यायला हवं, आणि टेबलावर दुसरं देण्यासारखं फारसं नव्हतं.

आर्लन आयरीनचा नवरा. त्याने भांड्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं.

"नको रे," तो म्हणाला. "मग तुम्हाला काय उरलं?"

आर्लन नको म्हणाला, तेवढ्या वेळात

ते जेवायला बसले होते ती बाग दोन देशांच्या मधोमध आहे. मॉरिसची माणसं कॅनडाच्या बाजूने आत येतात, आयरीनची अमेरिकेच्या. आत शिरताना कुणी कुणाला अडवत नाही. अडवतात ते निघताना. ज्या देशात जायचं त्या देशाची चौकी वाटेतच आहे, म्हणून सहलीला निघतानाही सगळ्यांच्या खिशात पासपोर्ट असतो.

आर्लनला कॅनडात घेत नाहीत. तरुणपणी एकदा बिअर पिऊन त्याने ट्रक नाल्यात घातला होता. ट्रक गेला, नाला बुजला, पण चौकीवरच्या कॉम्प्युटरला ते अजून आठवतं. मॉरिसला गुरांना सोडून चार तासांपेक्षा जास्त कुठे जाता येत नाही. त्यामुळे या घराण्याचं सगळं काही बागेतच व्हायचं. आयरीनचं लग्न इथे झालं. ईस्टरचे पाव इथे वाटले गेले. भांडणं इथे झाली आणि मिटलीही इथेच, कारण पुढची भेट वर्षाने.

आज नेस्टरच्या बायकोचा, पारास्काचा चाळिसावा दिवस होता. माणूस गेल्यावर चाळीस दिवस घराच्या आसपास असतो आणि मग कायमचा निघतो, हे नेस्टरच्या माणसांत कुणी कुणाला समजावून सांगत नाही. सकाळी देवळात प्रार्थना झाली. जेवण बागेत ठेवलं, कारण मातीच्या वेळीही आर्लनला येता आलं नव्हतं. नेस्टरला आता एकच गोष्ट हवी होती. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं. बायको घरातून निघताना आपण घरात असायचं. बस.

दोन रात्रींपूर्वी पहिला कडाक्याचा गारठा पडून गेला होता. फुलझाडं लावून केलेले दोन्ही देशांचे झेंडे सारखेच काळे पडले होते आणि माळी ते उपटून ढकलगाड्यांत भरत होते. फुलांच्या घड्याळाचे काटे चालू होते. आकडे सडले होते.

दुसऱ्यांदा

"आम्हाला काय उरायचं? आम्ही आहोत की एकमेकांना," मॉरिस म्हणाला. "तुम्हाला पण थोडा सहवास मिळू दे. ने त्यांना."

नेस्टर चावायचा थांबला.

त्याच्या घरात पाहुण्याला विचारत राहतात. पाहुणा नको म्हणतो, घरची माणसं घे म्हणतात, तो ताटावर हात धरतो, ती बोटांच्या फटीतून वाढतात. विचारणं थांबलं तर पाहुण्याचा अपमान होतो. यात कुणी काही मनापासून देत नसतं आणि कुणी काही घेतही नसतं. रात्री ज्याचं त्याच्याकडे असतं आणि सगळे खूश असतात.

आर्लनच्या माणसांत हिशेब वेगळा होता, आणि या टेबलावर तो फक्त नेस्टरला ठाऊक होता. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, ती रीत. दुसऱ्यांदा विचारलं की नको म्हणायचं, तो संस्कार. तिसऱ्यांदा विचारलं तर समोरचा खरंच देतोय असं धरायचं आणि घ्यायचं. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. आयरीनच्या लग्नात आर्लनच्या आईने नेस्टरला कॉफी विचारली होती. त्याला कॉफीने पित्त होतं. तो तीनदा नको म्हणाला. ती बाई मरेपर्यंत त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलली.

"नको, नको," आर्लन म्हणाला. "तातो तुमच्याकडेच बरे. आमच्याकडे काय, नुसतं तळघर."

दोन झाले.

मॉरिसची बायको डोरीन काकडी चिरत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, राहू द्या ना. त्यांना नको आहे तर कशाला गळ्यात बांधताय?"

ती मदतच करत होती, पण झालं भलतंच. 'नको आहे' हा शब्द आयरीनने ऐकला आणि तिचं रडणं वाढलं. आर्लनला आपण उद्धट ठरलो असं वाटलं. आणि मॉरिसला वाटलं की बायकोमुळे आपलं देणं खोटं दिसायला लागलंय, तेव्हा आता जोर लावून द्यायला हवं.

नेस्टर जे म्हणाला नाही

गप्प बस रे, मॉरिस. मी इथे बसलोय. मी होलोपची नाही. मला घरी जायचंय. आर्लन, तू खा. तुला भूक लागलीय, तू दोनदा नको म्हणालास ते भांड्यालाही म्हणालास. माझे बटाटे अजून जमिनीत आहेत. मॉरिस, आज तुझी आई जाणार आहे.

यातलं काहीही म्हणता आलं असतं. पण मग मॉरिस म्हणाला असता, "तातो, तुम्हाला लेकीकडे जायचं नाही?" आणि लेक समोर होती. शिवाय दुसरं असं की, समजा मॉरिस या खेपेला मनापासून देत असेल तर? म्हातारी गेल्यापासून नेस्टर सूप एकट्याने, उभ्याने, गॅसपाशी प्यायचा. परवा त्याने शेगडी चालूच ठेवली होती. डोरीनने येऊन बंद केली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी न्या म्हणायचं म्हणजे मागायचं. मागितलं आणि मॉरिसने क्षणभर जरी डोरीनकडे पाहिलं, तरी नेस्टरला ते दिसलं असतं.

तो पुन्हा गहू चावायला लागला.

तिसऱ्यांदा

"आर्लन, ऐक माझं. लाजू नकोस," मॉरिस म्हणाला. "घेऊन जा."

आर्लनने कागदी रुमालाची घडी घातली. त्या घडीची आणखी घडी घातली. त्याने बायकोने करून आणलेल्या हिरव्या जेलीकडे पाहिलं. तिच्यात किसलेलं गाजर तरंगत होतं आणि त्याच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

डोरीनची सुरी काकडीत थांबली. मॉरिसचं तोंड उघडंच राहिलं. पुढचा आग्रह त्याच्या जिभेवर तयार होता आणि तो आता कुणाला करायचा ते त्याला समजेना. एका माळ्याची ढकलगाडी कुरकुरत गेली.

"खरंच?" आयरीन म्हणाली आणि रडायची थांबली. मग ती हसली. ते हसू सगळं पारास्काचं होतं, पुढच्या दातांमधल्या फटीसकट.

त्या हसण्यानंतर कुणाला काही मागे घेता आलं नाही.

त्यानंतर सगळेच चांगले वागले

"तातो, तुम्हाला तळघरातली खोली देते," आयरीन म्हणाली. "आर्लनचं ते धावायचं यंत्र आहे तिथे. त्याच्यावर कपडे वाळत घालता येतात."

"वाईट नाही खोली," आर्लन म्हणाला. त्याच्या भाषेत याहून मोठी स्तुती नाही, पण आवाज खचलेला होता.

"त्यांच्या गोळ्या?" डोरीनने विचारलं. गोळ्या घरी राहिल्या असतील अशी आशा तिच्या आवाजात होती. नेस्टरच्याही पोटात तीच आशा उठली. पण डोरीन नीटनेटकी बाई. गाडीच्या खणात तिनेच सकाळी डबी ठेवली होती, महिनाभराच्या गोळ्या भरून. ती आणायला गेली तेव्हा नेस्टरला आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या टापटिपीचा राग आला.

"कपडे नाहीत त्यांचे," मॉरिस म्हणाला.

"माझे होतील," आर्लन म्हणाला. तो साडेसहा फूट उंच होता. नेस्टर त्याच्या खिशाला लागत होता.

आता हिंमत केली नाही तर संपलं, असं नेस्टरला वाटलं. "बटाटे काढायचे राहिलेत," तो म्हणाला.

"मी काढतो, तातो," मॉरिस म्हणाला. "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

मॉरिस हे प्रेमाने म्हणाला असेल. नेस्टरला मात्र आपल्या हातातलं फावडं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. बरं, मुलगा काढतो म्हणाला. म्हणजे त्याने सगळा विचार केलेला दिसतो. बटाट्यांपर्यंत.

डोरीन गोळ्या घेऊन येईना, म्हणून मॉरिस तिच्यामागे गाडीकडे गेला. नेस्टरने दुरून पाहिलं. दोघं गाडीत बसले होते, काचा बंद होत्या, डोरीनचे दोन्ही हात काचेआड हलत होते. ती मॉरिसला झापत होती, किंवा म्हाताऱ्याची खोली रिकामी झाली की तिथे काय काय ठेवता येईल ते दाखवत होती. हातांवरून नीटसं कळत नव्हतं.

मग निरोप. आर्लनच्या माणसांत निरोपाला जेवणाएवढाच वेळ लागतो. टेबलापाशी एकदा, वाटेवर एकदा, गाडीच्या दारापाशी एकदा आणि मग काच खाली करून. दरवर्षी नेस्टर वैतागून खोकायचा. आज त्याला तो निरोप आखूड वाटला. वाटेत दर चार पावलांवर सगळे थांबत होते. मॉरिस आर्लनकडे पाहत होता, आर्लन डोरीनकडे, डोरीन मॉरिसकडे. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी बोलावं. बोलले ते पावसाबद्दल.

"गहू आवरला सगळा?" आर्लनने विचारलं.

"आवरला."

"बरं झालं."

"हो."

मॉरिसने बापाशी हात मिळवला. त्यांच्यात पुरुष मिठी मारत नाहीत. "फोन करा," तो म्हणाला, आणि हात सोडायला अंमळ उशीर केला. नेस्टरने तो उशीर गाडीत बसल्यावर मोजायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत गाडी सुटली होती.

चौकी

खिडकीतल्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. त्याने तिन्ही पासपोर्ट घेतले.

"बागेतून?"

"बागेतून," आर्लन म्हणाला.

"काही रोपं, माती, बिया?"

"नाही."

"हे कोण?"

"माझे वडील," आयरीन म्हणाली. "हिवाळाभर राहायला येतायत."

"सामान?"

अधिकाऱ्याने वाकून मागच्या सीटवर पाहिलं. नेस्टर मांडीवर गोळ्यांची डबी धरून बसला होता.

"आजोबा, तुम्हाला विचारतो. किती दिवस राहणार?"

दुपारपासून नेस्टरला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. हिवाळाभर, असं म्हटलं की फाटक वर जाणार होतं. हे त्याला त्या क्षणी माहीत होतं की नव्हतं, हे त्याचं त्यालाही पुढे कधी ठरवता आलं नाही.

"परत जायचं ठरलेलं नाही," तो म्हणाला. "मला देऊन टाकलंय."

"कुणी?"

"मुलाने."

"कुणाला?"

"ह्यांना. हे नको म्हणत होते. दोनदा म्हणाले."

अधिकाऱ्याने आर्लनच्या पासपोर्टवरचं नाव पुन्हा वाचलं. टोरगर्सन. त्याने स्वतःच्या छातीवरच्या पट्टीवर नकळत हात फिरवला. तिथलं आडनावही आर्लनच्याच माणसांतलं होतं.

"मग तिसऱ्यांदा विचारलं असणार," तो म्हणाला.

आर्लन स्टिअरिंगकडे पाहत राहिला.

"माझी आई असंच करून एकदा घोडा घेऊन आली होती," अधिकारी म्हणाला आणि नाक शिंकरलं. "पण आजोबा, कायमचं राहायला असं येता येत नाही. त्याला वेगळी वाट आहे आणि ती लांबची आहे. गाडी वळवा, साहेब."

"हिवाळाभरच हो," आयरीन म्हणाली. "ते उगाच बोलतायत."

"ताई, मी त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं. आता मी ते ऐकलं नाही असं कसं करू? भेटायला आणा ना. पण आधी त्यांना परत जायचंय, हे तुमच्यात ठरवून आणा."

वळल्यावर

आर्लनचे खांदे खाली आले होते आणि गाडी जरा हलकी चालली होती. थोड्या वेळाने त्याला त्याचीच लाज वाटली असावी. "आम्हाला आवडलं असतं," तो आरशात पाहून म्हणाला.

"माहीत आहे," नेस्टर म्हणाला.

आयरीन वळून बसली. "तातो, हिवाळाभर म्हणाला असतात तर त्याने सोडलं असतं."

"असं का?"

"तुम्हाला ठाऊक होतं."

रस्त्याच्या कडेची झाडं दोन रात्रींत नागडी झाली होती. त्यांच्या मागे सूर्य एका बाजूला कलला होता. अजून वेळ होता, पण फार नव्हता.

"आज ती जाणार," नेस्टर म्हणाला. "घरात कुणी नसेल. ती गेल्यावर दार कोण लावणार?"

आयरीन पुढे पाहायला लागली. तिला तो खरंच हवा होता, नेस्टरला ते कळलं. या सगळ्या देण्याघेण्यात एकट्या तिलाच तो मनापासून हवा होता, आणि तिच्याकडेच तो निघाला नव्हता. त्याने हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवावा असं मनात आणलं. गोळ्यांची डबी मध्ये आली.

"मी सोडते तुम्हाला घरापर्यंत," ती अखेर म्हणाली. "आर्लनला बागेत बसवू. तो बसेल."

"वाईट नाही बाग," आर्लन म्हणाला.

पण बागेच्या वाहनतळावर मॉरिसची गाडी तिथल्या तिथेच होती. डोरीन आत बसली होती, मांडीवर होलोपचीचं भांडं धरून, आणि सरळ समोर पाहत होती. पाहण्यासारखं समोर कचऱ्याच्या पिंपाशिवाय काही नव्हतं. आर्लनची गाडी दिसताच मॉरिस खाली उतरला आणि दारापाशी उभा राहिला.

नेस्टर सावकाश उतरला. मधली मोकळी जागा चालून गेला. बापलेक समोरासमोर आले.

"अजून इथेच?" नेस्टरने विचारलं.

"गाडी चालू होत नव्हती," मॉरिस म्हणाला. त्याच्या मागे इंजिन घरघरत होतं. धूर त्याच्या गुडघ्यांपर्यंत साचला होता. हा धूर आत्ताचा नव्हता.

"हं."

"तुम्ही? काही राहिलं का?"

काय काय राहिलं ते सांगायला नेस्टरने तोंड उघडलं. मॉरिसचे डोळे लाल होते, धुराने असतील. गाडीत डोरीनने काच अर्धी खाली केली.

"टोपी," नेस्टर म्हणाला.

मॉरिसने बापाच्या डोक्याकडे पाहिलं. टोपी डोक्यावरच होती, दोन्ही कानांवर ओढून घेतलेली. मॉरिसने ती पाहिली, नीट पाहिली, मग मान हलवून गाडीला वळसा घातला आणि पुढचं दार उघडून धरलं.

"गाडीतच असेल," तो म्हणाला. "आत बसून बघा."

नेस्टर आत बसला. पट्टा लावला. आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून शोधायला लागला.